चपला नेमक्या कुठे काढायच्या, आणि कुणाला काढायला लावू नये

पाहुण्याने चपला काढून आत यावं का, हे बहुतेक मराठी घरांत कुणी विचारतही नाही. दाराबाहेर चार जोड दिसले की पाचवा आपोआप तिथेच निघतो. तरीही रस्त्याची माती बैठकीच्या खोलीत पोचते, गुडघे दुखणाऱ्या आजी दाराशी एका पायावर तोल सावरत उभ्या राहतात, मधुमेहाच्या माणसाला संकोचापोटी अनवाणी चालावं लागतं आणि सोसायटीच्या सभेत चपलांच्या स्टँडवरून वाद पेटतो. चपला दाराशीच काढाव्यात, हे आमचं स्पष्ट मत आहे. पण ते पाहुण्यावर टाकण्याआधी घरच्यांनी दार त्यासाठी तयार ठेवायला हवं. आणि काही माणसांना हा नियम लावूच नये.

तळाला चिकटून काय येतं

आधी जंतूंचं बघू, कारण भीती त्यांचीच जास्त घातली जाते. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी बुटांची एक छोटी तपासणी केली होती. बुटाच्या बाहेरच्या बाजूला सरासरी ४,२१,००० जिवाणू सापडल्याचा त्यातला आकडा आजही सगळीकडे फिरतो. ही तपासणी बूट बनवणाऱ्या एका कंपनीसाठी झाली होती आणि फार थोड्या लोकांच्या बुटांवर झाली होती. तळाला मलमूत्रातले जिवाणू लागतात यात शंका नाही. पण जिवाणू सापडणं आणि माणूस आजारी पडणं यात बरंच अंतर आहे. धडधाकट मोठ्या माणसाचा हात फरशीवरून थेट तोंडात जात नाही. रांगणाऱ्या बाळाचा जातो, दिवसातून कितीतरी वेळा. त्यामुळे घरात सहा महिने ते तीन वर्षं या वयाचं मूल असेल, तर हा नियम काटेकोरपणे पाळायलाच हवा.

जंतूंपेक्षा आम्हाला धुळीची काळजी जास्त वाटते. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण शिसं हा धातू आहे. तो कुजून नाहीसा होत नाही. रहदारीच्या जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत तो राहतो. जुन्या इमारतींच्या रंगाच्या पापुद्र्यांतही असतो, कारण घरगुती रंगांत शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. घरातलं कुणी बॅटरीच्या दुकानात, धातू वितळवण्याच्या कारखान्यात किंवा भंगाराच्या वखारीत काम करत असेल, तर त्याचे कामावरचे बूट दाराच्या आत येताच कामा नयेत. शक्यतो ते कामावरच राहावेत.

गावाकडचं उदाहरण वेगळं आहे. उसात आणि बांधावरच्या गाजरगवतावर २,४-डी हे तणनाशक मारतात. अमेरिकेत हेच औषध घरापुढच्या हिरवळीवर फवारून नंतर घरातली धूळ तपासण्यात आली, तेव्हा ते माणसांच्या बुटांनी आणि कुत्र्यांच्या पायांनी आत आल्याचं दिसलं. शेतात ऊन, पाऊस आणि मातीतले जीवाणू औषधाचा निचरा करतात. घरात, सतरंजीखाली किंवा कोपऱ्यात, यातलं काहीच नसतं, म्हणून ते तिथे जास्त दिवस टिकतं. फवारणीचे गमबूट गोठ्यापाशी किंवा पाण्याच्या मोटारीच्या खोलीत काढून, तिथेच धुऊन ठेवावेत.

पावसाळ्यात लेप्टोची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातला हा जिवाणू साचलेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेतून किंवा भेगांतून शरीरात शिरतो. धोका मुख्यतः त्या पाण्यातून चालण्यात आहे, घरातल्या फरशीत नाही. हा जिवाणू कोरडेपणात तग धरत नाही. म्हणून पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत, चपला धुऊन वाऱ्यावर पूर्ण सुकवाव्यात आणि ओल्या चपला बंद कपाटात कधीच कोंबू नयेत. पायाला जखम असताना अशा पाण्यातून चालावं लागलं, तर डॉक्टरांना भेटावं.

शिवाय फरशीचं नुकसान होतं ते वेगळंच. संगमरवर, कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे मऊ दगड. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर ते तीन-चारच्या आसपास येतात. नदीच्या वाळूतला क्वार्ट्झचा कण सातवर असतो. म्हणजे तळात अडकलेला एकेक कण प्रत्येक पावलाला फरशी घासतो. दाराजवळचा संगमरवर तीन-चार वर्षांत निस्तेज होतो आणि पलंगाखालचा नव्यासारखा राहतो, तो यामुळेच. व्हिट्रिफाइड टाइल जास्त टिकते, तरी तिचीही चकाकी दाराशी आधी जाते. शेणाने सारवलेल्या जमिनीचे तर टाचेखाली पोपडे निघतात. पडवी, ओसरी, मग उंबरठा ही जुन्या घरांची रचना अशा जमिनीसाठी फार विचारपूर्वक केलेली होती.

सीमारेषा कुठे चुकते

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक अशी: माणूस चपला दारापासून दोन-तीन पावलांवर, सार्वजनिक पॅसेजमध्ये काढतो. मग त्याच पॅसेजमधून अनवाणी चालत दारात येतो. त्या फरशीवरून कचरा नेणारा, कुरियरवाला, शेजारचं कुत्रं, सगळे जाऊन आलेले असतात. चपला बाहेर राहिल्या तरी घाण पायाला लागून आत आली. घाम किंवा पावसाने ओला झालेला पाय तर धूळ आणखीच उचलतो.

नियम एकच आहे, पण तो नेमका पाळावा लागतो. चपलेतून निघालेला पाय थेट घरातल्या पायपुसण्यावर पडला पाहिजे. मध्ये बाहेरच्या फरशीचा स्पर्श नको. त्यासाठी चपला उंबरठ्याला चिकटून, पण दारासमोरचा रस्ता न अडवता काढाव्यात. जागा असेल तर दाराच्या आतच साधारण तीन फूट बाय तीन फूट पट्टा चपलांचा म्हणून ठरवावा आणि तो वेगळ्या रंगाच्या टाइलने किंवा चटईने दिसेल असा करावा. जपानी घरांत गेनकान नावाची जी जागा असते, ती हेच काम करते. तिथली जमीन घराच्या जमिनीपेक्षा खाली असते. बूट खालच्या पातळीवर राहतात आणि मोजा घातलेला पाय सरळ वरच्या पातळीवर पडतो. नवीन बांधकाम करताना किंवा फरशी बदलताना आपल्याकडेही प्रवेशाचा तुकडा अर्धा ते एक इंच खाली ठेवता येतो. अर्थात घरात चाकाची खुर्ची किंवा वॉकर वापरणारं कुणी असेल, तर ही पायरी करू नये. तिथे फक्त रंगाचा फरक ठेवावा.

पायपुसण्याबद्दलही थोडं खोलात सांगायला हवं. दुकानात मिळणारं नेहमीचं पायपुसणं साधारण १६ बाय २४ इंचांचं असतं. त्यावर एकच पाय नीट पडतो आणि माणूस पुढे जातो. प्रत्येक पाय दोनदा पडेल इतकी लांबी हवी, म्हणजे बाहेरचं आणि आतलं मिळून किमान चार-पाच फूट. बाहेरचं खरखरीत असावं, माती खरवडणारं. काथ्याचं पायपुसणं यासाठी उत्तम, पण पावसाच्या झडीत ते भिजून कुजतं. म्हणून जून ते सप्टेंबर त्या जागी जाळीचं रबरी पायपुसणं ठेवावं, म्हणजे पाणी आणि चिखल खाली उतरतो. आतलं पाणी शोषणारं, सुती किंवा मायक्रोफायबरचं, आणि खालून रबर लावलेलं हवं. घडी केलेलं जुनं बेडशीट किंवा गोणपाट आत टाकू नका. गुळगुळीत टाइलवर ते सरकतं आणि त्यावरून म्हातारी माणसं पडतात.

पायपुसणं एकदा ओलं गच्च झालं की त्याचं काम उलटं होतं. ते घाण घेत नाही, देतं. पावसाळ्यात आतली तीन पायपुसणी आलटून पालटून वापरावीत: एक दाराशी, एक धुण्यात, एक सुकत. बाहेरचं आठवड्यातून एकदा उलटं करून झटकावं, तेही दारापासून दूर.

आणि चपला काढल्या म्हणून घर झाडण्याची गरज संपते असं नाही, पण ओल्या फडक्याने पुसणं जास्त उपयोगी. कोरड्या झाडूने बारीक धूळ हवेत जाते आणि तासाभरात पुन्हा खाली बसते. सायकल, बाबागाडीची चाकं, शाळेचं दप्तर, भाजीची पिशवी, कुत्र्याचे पाय हेही बाहेरचंच आत आणतात. कचरा टाकायला अनवाणी पॅसेजमध्ये जाऊन तसंच परत येणारे घरचे लोकही त्यातच आले.

स्टँड, पॅसेज आणि जिना

चपलांचं स्टँड बाहेर ठेवायचं की आत, यावरून सोसायट्यांत वाद होतात, आणि त्यात बहुतेक वेळा स्टँडवाल्याची बाजू लंगडी असते. पॅसेज आणि जिना हा आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. सुटकेचे मार्ग मोकळे ठेवणं ही त्यातली आणि सोसायटीच्या उपविधींतलीही साधी अपेक्षा. रबर आणि फोमचे तळ पेटले की काळा दाट धूर होतो. अंधारात धुरातून वाकून निघालेला माणूस स्टँडला अडखळतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे जिन्याखालची, विजेच्या मीटरच्या पेटीला लागून असलेली. तिथे चपला, रद्दी, छत्र्या काहीही ठेवू नये.

आत जागा नाही, ही तक्रार खरी आहे. मोठ्या माणसाचा जोड आडवा ठेवायला ३२ ते ३५ सेंटिमीटर खोली लागते. तिरक्या फळ्यांचं, पुढे झुकून उघडणारं कपाट घेतलं तर तेच काम १८ ते २० सेंटिमीटरांत होतं आणि दाराच्या मागच्या भिंतीवरही बसतं. एका जोडाला २० ते २५ सेंटिमीटर रुंदी धरली, तर ९० सेंटिमीटरच्या फळीवर चार जोड बसतात. घरातल्या प्रत्येकाचे रोजचे दोन जोड आणि पाहुण्यांचे चार, इतकीच जागा दाराशी हवी; लग्नाकार्याचे बूट कपाटात वर जाऊ द्यात. खालची फळी जमिनीपासून १० सेंटिमीटर वर घ्यावी, म्हणजे पोछा खालून फिरतो. दारं झरोक्यांची असावीत. कोल्हापुरीसारखी चामड्याची चप्पल बंद कपाटात पावसाळाभर ठेवली तर हमखास बुरशी धरते. ती आधी कोरड्या कापडाने पुसून, सावलीत वाळवून, कापडी पिशवीत ठेवावी. भिजलेले बूट आतलं अस्तर काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत आणि बोळे दर दोन तासांनी बदलावेत. कडक उन्हात किंवा गॅसजवळ चामडं तडकतं, चिकटवलेला तळ सुटतो.

कोकणात आणि डोंगराकडच्या घरांत बाहेर राहिलेल्या बुटांबद्दल आणखी एक खबरदारी लागते. लाल विंचू, कधी फुरसंही, कोरड्या अंधाऱ्या जागेच्या शोधात बुटात शिरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेलं काम जगभर वाखाणलं गेलं. प्राझोसिन या औषधाने कितीतरी जीव वाचले. पण दंश टाळणं आपल्या हातात आहे. बूट उलटा करून टाचेकडून जमिनीवर दोनदा आपटावा आणि मगच पाय घालावा. हात घालून चाचपून पाहू नये.

कुणाला काढायला लावू नये

मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांना घरातसुद्धा अनवाणी चालायला डॉक्टर मनाई करतात. टाचणी, लाकडाची कुसळ, गरम झालेली गच्चीची फरशी त्यांना कळतच नाही. जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते. अशा माणसांसाठी एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल मिळते. तिला मागे पट्टा हवाच, कारण बधिर पायातून साधी सपाता निसटली तरी समजत नाही. दुसऱ्याच्या घरी जाताना पिशवीत घरात घालायचा धुतलेला जोड नेणं हा यावरचा सर्वांत सोपा उपाय. तो विसरला असेल, तर चपलेचे तळ ओल्या फडक्याने पुसून तसंच आत घ्यावं.

पोलिओच्या पायाला लावलेलं कॅलिपर बऱ्याचदा बुटातच बसवलेलं असतं. बूट काढणं म्हणजे अख्खं कॅलिपर उतरवणं. कृत्रिम पायाचंही तसंच. बहुतेक कृत्रिम पाय ठरावीक टाचेच्या उंचीच्या बुटासाठी जुळवलेले असतात. बूट काढला की पायाचा कोन बदलतो आणि माणूस मागे झुकल्यासारखा होतो, तोल जातो. जयपूर फूट याला अपवाद, हाडांचे डॉक्टर पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो भारतीय माणसाला अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, याच विचाराने घडवला. समोरच्याचा पाय कुठल्या प्रकारचा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं आणि ते विचारायचंही नसतं. कुणी “माझे राहू देत” म्हणालं की “हो, या ना” एवढंच म्हणावं. कारण विचारू नये.

रुग्णवाहिकेचे कर्मचारी, आगीचे जवान, तातडीने आलेले डॉक्टर यांच्याबाबत सांगायलाच नको. पण गॅसवाल्याला मात्र आपण सर्रास चपला काढायला लावतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर लोखंडासह जवळजवळ ३० किलो भरतो. तो अनवाणी पायावर निसटला तर बोटं चेचली जातात. इलेक्ट्रिशियनच्या पायातले कोरडे रबरी तळ हे त्याचं संरक्षण आहे, विजेचा धक्का बसला तर ते जीव वाचवू शकतात. फर्निचर हलवणारे, फोडकाम करणारे गवंडी यांचंही तेच. बुटांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओझं उचलणाऱ्याला देऊ नका, गुळगुळीत टाइलवर त्या घसरतात. त्यांना येऊ द्या आणि नंतर फरशी पुसा. पाच मिनिटांचं काम आहे.

घरकामाला येणाऱ्या बाईंबद्दल वेगळं बोलायला हवं. आपल्या समाजात वरच्या जातींच्या आळीतून जाताना दलितांना चपला पायात घालू दिल्या जात नसत, हातात घ्यायला लावत. पायताण कुणी कुठे उतरवायचं, यातून माणसाची पायरी दाखवली जात होती. घरचे लोक सपाता घालून फिरत असतील आणि ओल्या फरशीवर तासन्‌तास उभं राहणारी बाई अनवाणी असेल, तर तिथला नियम स्वच्छतेचा राहिलेला नाही. तिच्यासाठी घरात घालायचा, न घसरणाऱ्या तळाचा स्वतंत्र जोड ठेवावा, तिच्या मापाचा. ओल्यात सतत राहिल्याने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्याही त्यामुळे कमी होतात.

पाहुण्यासाठी काय तयार ठेवावं

सर्वांत आधी बसायची जागा. १६ ते १८ इंच उंचीचं, हलणार नाही असं स्टूल किंवा छोटा बाक दाराशी असला की वयस्कर माणसाला बूट काढताना आधार मिळतो. शेजारच्या भिंतीवर धरायला दांडी बसवली तर फारच चांगलं. नाडीचे बूट काढायला लोक कचरतात ते कष्टामुळे, उर्मटपणामुळे नाही.

घरात घालायला फोमच्या किंवा रबराच्या तीन-चार सपाता ठेवाव्यात: सहा, आठ आणि दहा नंबरच्या, तळाला खाचा असलेल्या. कापडी सपाता पाहुण्यांसाठी नकोत, त्या लवकर धुतल्या जात नाहीत आणि एकाच्या पायाची बुरशी दुसऱ्याला लागते. वापर झाला की साबणाने घासून उन्हात. बाथरूमच्या चपला वेगळ्याच राहू द्याव्यात. ओल्या चपलांनी घरभर फिरलं की फरशीवर पाणी होतं आणि पाय घसरतो. नुसते मोजे घालून व्हिट्रिफाइड टाइलवर चालणंही तितकंच घसरडं. मोजे काढा किंवा सपाता घाला. देवघरापाशी आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या दाराशी या सपाताही निघतात. पाहुण्याला ते ठाऊक नसेल तर आधीच सांगावं.

सांगायचं कसं, हे अवघड वाटतं ते आपल्या भिडस्तपणामुळे. पाहुणा दाराशी थबकतो, यजमान “राहू द्या हो, राहू द्या” म्हणतो, पाहुण्याला कळत नाही की हे मनापासून आहे की रीतीपुरतं. नियम असेल तर “राहू द्या” म्हणू नका. “चपला इथे काढा, या सपाता घाला, बसून काढा सावकाश,” इतकं सरळ वाक्य कुणालाही लागत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनी हे आमंत्रणाच्या निरोपातच लिहावं. ज्याला सवय नाही त्याला मोजे नीट घालून येता येतं, घरातला जोड आणता येतो.

सत्यनारायण, हळदीकुंकू, गणपतीचं दर्शन असं काही असलं की नेहमीची व्यवस्था पुरत नाही. तीस-चाळीस जोड होतात. पॅसेजमध्ये भिंतीलगत सतरंजी किंवा तरट अंथरून चपला त्यावर एका ओळीत लावाव्यात आणि मधे तीन फुटांची वाट मोकळी ठेवावी. जिन्याच्या पायऱ्यांवर एकही जोड नको. सारख्या दिसणाऱ्या चपलांची अदलाबदल होऊ नये म्हणून कपड्यांच्या चिमट्यांची टोपली ठेवावी, दोन्ही चपला एकत्र अडकवता येतात. घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाला तासाभराने ओळ नीट करायला सांगावं. समारंभ संपताना सगळे एकाच वेळी दाराशी येतात आणि वाकलेल्या माणसांना मागून धक्के लागतात. बाकाशेजारी दोन खुर्च्या आणखी ठेवाव्यात आणि शेवटचा वयस्कर पाहुणा जिना उतरेपर्यंत त्या उचलू नयेत.